दिल्ली–टोकियो : अंतर एक, वेळा दोन

समजा, दिल्लीहून रात्री ८ वाजता सुटणारे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरते. परतीचे विमान हानेदाहून सकाळी ११ वाजता निघते आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजता दिल्लीत पोचते. तिकिटावर नुसती नजर टाकणाऱ्याला वाटते, जाताना साडेअकरा तास आणि येताना अवघे सहा. प्रत्यक्षात जाताना आठ तास लागतात आणि येताना साडेनऊ. जो प्रवास तिकिटावर लांबलचक दिसतो तो खरे तर आखूड असतो, आणि जो चटकन आटपेल असे वाटते तोच अंगावर येतो.

पुण्या-मुंबईहून जपानला जाणाऱ्यांत शिकायला निघालेले विद्यार्थी असतात, कंपनीच्या कामाने जाणारे अभियंते असतात, चेरीच्या बहरात सहलीला निघालेली कुटुंबे असतात, आणि टोकियोच्या निशी-कासाईसारख्या भारतीय वस्तीत राहणाऱ्या मुला-नातवंडांना भेटायला जाणारे आजी-आजोबाही असतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : किती लांब आणि किती तास? इंटरनेटवर उत्तर झटकन मिळते. अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर, वेळ सुमारे सात तास. यातले अंतर बरोबर आहे. वेळ मात्र त्या अंतराला एका ठरावीक वेगाने भागून काढलेली असते, त्यामुळे जाण्याची आणि येण्याची ती सारखीच निघते. प्रवासाची आखणी या आकड्यावर केली तर जोडविमान, हॉटेल, सुट्टी सगळ्यांचेच गणित चुकते.

घड्याळांचा हिशेब

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, तर जपानची आकाशी शहरातून जाणाऱ्या १३५ अंश पूर्व रेखांशावर. दोन्हींतले अंतर ५२.५ अंशांचे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून फरक २१० मिनिटांचा, म्हणजे साडेतीन तासांचा. जपानचे घड्याळ पुढे. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ ते १९५१ या काळात उन्हाळी वेळ पाळून पाहिली आणि मग सोडून दिली. भारतातही ती पद्धत नाही. युरोप-अमेरिकेच्या प्रवासात वर्षातून दोनदा बदलणारा फरक लक्षात ठेवावा लागतो, तशी कटकट इथे नाही. बारा महिने साडेतीन तास.

हिशेबाची रीत सोपी आहे. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ तिकिटावर त्या-त्या गावची असते. टोकियोला जाताना दोन्ही वेळांतला फरक काढावा आणि त्यातून साडेतीन तास वजा करावेत. येताना फरक काढून त्यात साडेतीन तास मिळवावेत. गोंधळ वाटत असेल तर सरळ सगळ्या वेळा भारतीय घड्याळात लिहून काढाव्यात. सकाळी साडेसातला हानेदाला उतरणारे विमान भारतीय वेळेने पहाटे चारला उतरत असते.

हा पहाटे चारचा आकडा प्रवाशाने मनात पक्का धरावा. रात्री ८ ला विमान सुटते, जेवण आटोपून दिवे मालवेपर्यंत दहा वाजतात आणि उतरण्याआधी दीड-दोन तास नाश्त्याची गडबड सुरू होते. झोपेला मिळतात जेमतेम चार तास. शरीराच्या घड्याळाला पूर्वेकडचा बदल पश्चिमेकडच्या बदलापेक्षा जड जातो, कारण नेहमीपेक्षा लवकर झोपावे आणि लवकर उठावे लागते. निघण्याआधी तीन-चार दिवस रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपण्याची सवय केली तर पहिला दिवस बराच सुसह्य होतो. विमानतळावरच हलके जेवून घ्यावे आणि विमानात बसल्यावर थेट झोपावे, हा ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी उत्तम मार्ग.

तारखेकडेही लक्ष हवे. १० तारखेच्या रात्री निघालेला प्रवासी ११ तारखेच्या सकाळी पोचतो. हॉटेलचे आरक्षण ११ पासून हवे. आणि तिकिटावर १० तारखेची रात्री १२.३० ची वेळ असेल, तर घरातून निघायचे ते ९ तारखेला. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांच्या बाबतीत ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

नकाशावरची रेघ आणि विमानाची वाट

भिंतीवरच्या सपाट नकाशावर दिल्ली आणि टोकियो पट्टीने जोडले तर रेघ चीनच्या मध्यभागातून किंचित वर चढत जाते. पृथ्वीच्या गोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो वेगळी वाट दाखवतो. दिल्लीहून तो ईशान्येला वळतो, हिमालय ओलांडून तिबेटमध्ये शिरतो, चिंगहाईच्या पठारावरून चीनच्या शानतुंग प्रांतात सुमारे ३७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि दक्षिण कोरियावरून उतरत टोकियो गाठतो. दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांवर आणि टोकियो साडेपस्तीस अंशांवर असूनही सर्वांत जवळची वाट दोघांच्याही उत्तरेने जाते. ५,८५० किलोमीटर हे या ताणलेल्या दोऱ्याचे अंतर आहे.

विमाने मात्र साधारणपणे या वाटेने जात नाहीत. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरहून अधिक आहे. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झपाट्याने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत, म्हणजे दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते, कारण त्या उंचीवर माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. आणि तिबेटवर दहा हजार फुटांवर हवा नसते, तिथे जमीन असते. म्हणून दिल्ली–टोकियो विमान बहुधा उत्तर भारताच्या मैदानावरून पूर्वेला सरकते, ईशान्य भारत आणि म्यानमारवरून दक्षिण चीनच्या कुनमिंग भागात जाते आणि शांघायच्या बाजूने समुद्र ओलांडून जपान गाठते. ही वाट दोऱ्यापेक्षा काहीशे किलोमीटरने लांब पडते. प्रवासाचे गणित करताना ५,८५० ऐवजी ६,३०० किलोमीटर धरले तर उत्तर वास्तवाच्या जवळ येते.

अंतर तेच राहूनही वेळ कशी बदलते, याचे याहून ठळक उदाहरण टोकियो आणि लंडनमधले. फेब्रुवारी २०२२ नंतर जपानी विमानांनी रशियाच्या आकाशातून जाणे थांबवले आणि बारा तासांचा प्रवास चौदा तासांच्या घरात गेला. दिल्ली–टोकियो मार्ग त्या प्रदेशातून जात नसल्यामुळे त्याला ती झळ बसली नाही.

वाऱ्याचे देणे-घेणे

जाताना आठ आणि येताना साडेनऊ तास का लागतात, याचे उत्तर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांत आहे. हवामानशास्त्रात त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानवर हे वारे जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांपैकी असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जाणे नवलाचे नाही.

यांचा शोधही जपानमध्येच लागला. टोकियोच्या ईशान्येला तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापे घेतली आणि हिवाळ्यात तिथे प्रचंड वेगाचे पश्चिमी वारे वाहतात अशी नोंद केली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचावे म्हणून त्यांनी १९२६ चा अहवाल एस्परांतो भाषेत छापला. साहजिकच तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना याच वाऱ्यांनी भेलकांडून टाकले, आणि जपानने याच वाऱ्यांवर बाँब बांधलेले हजारो फुगे प्रशांत महासागरापलीकडे अमेरिकेकडे सोडले.

आजच्या प्रवाशाचा या वाऱ्याशी संबंध साध्या भागाकारातून येतो. नदीतल्या होडीसारखे विमान हवेच्या प्रवाहाबरोबर वाहत असते. लांब पल्ल्याच्या जेट विमानाचा वेग साधारण ताशी ९०० किलोमीटर धरला, तर वारा नसताना ६,३०० किलोमीटरला सात तास लागतील. ताशी १५० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग १,०५० होतो आणि सहा तास पुरतात. तोच वारा समोरून आला की वेग ७५० वर येतो आणि आठ तास चोवीस मिनिटे लागतात. म्हणजे जाताना एक तास वाचतो, पण येताना जवळजवळ दीड तास जास्त द्यावा लागतो. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते, म्हणून ही वजाबाकी कधी बरोबरीत सुटत नाही.

यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, टोकियोजवळ रांगेत थांबणे आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोचणे एवढे सगळे मिळवायचे. विमान कंपन्या वेळापत्रकात हाच गेट ते गेट वेळ छापतात आणि थोड्या विलंबाची सोयही त्यात धरतात. त्यामुळे दिल्लीहून जायला साधारण साडेसात ते आठ तास आणि यायला नऊ ते दहा तास छापलेले दिसतात.

ऋतूप्रमाणे यात फरक पडतो. हिवाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावरून वाहतो आणि विमानाच्या वाटेवर जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि त्याचा जोरही ओसरतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणे सर्वांत जलद आणि येणे सर्वांत रेंगाळणारे. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हींतली तफावत कमी. हिवाळ्यात जपानहून परतणाऱ्याने दिल्लीतले जोडविमान घेताना हे विसरू नये. शिवाय विमान या प्रवाहाच्या काठाने जाते तेव्हा हादरे बसतात. पट्टा बांधून बसावे, एवढाच त्यावर उपाय.

पुण्या-मुंबईहून कोणत्या वाटेने?

एअर इंडियाने १९५५ साली मुंबईहून टोकियोची सेवा सुरू केली, तेव्हा सुपर कॉन्स्टेलेशन हे पंख्यांचे विमान वाटेत थांबे घेत जात असे. आज मुंबईहून नारितापर्यंत थेट विमान मिळाले तर सरळ अंतर सुमारे ६,८०० किलोमीटरचे आहे. थेट विमान सोयीच्या दिवशी नसेल, किंवा प्रवास पुण्याहून सुरू होत असेल, तर वाटेत कुठे तरी बदलणे आलेच.

इथे अंतराचा आकडा खरोखर उपयोगी पडतो. मुंबई–दिल्ली १,१४० आणि दिल्ली–हानेदा ५,८५० मिळून होतात सुमारे ७,००० किलोमीटर. थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे जास्त. हाँगकाँगमार्गे सुमारे ७,२००. बँकॉकमार्गे सुमारे ७,७००. सिंगापूरमार्गे मात्र ९,३०० च्या घरात, कारण प्रवासी आधी विषुववृत्तापर्यंत खाली जातो आणि मग पुन्हा वर चढतो. थेट वाटेपेक्षा हे अडीच हजार किलोमीटर जास्त, म्हणजे नुसते हवेतच सुमारे तीन तास वाढले. सिंगापूरला दोन दिवस थांबायचे असेल तर ही वाट छान. नुसते टोकियो गाठायचे असेल तर तिकीट बरेच स्वस्त असल्याशिवाय घेऊ नये.

अंतरानंतर पाहायची ती मधल्या थांब्याची वेळ. दोन तासांचा थांबा असलेली बँकॉकची वाट नऊ तास थांबवणाऱ्या हाँगकाँगच्या वाटेपेक्षा केव्हाही बरी. तिकिटे दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर प्रवासाचा एकूण वेळ लिहिलेला असतो. किमतीआधी तो वाचावा. मधल्या देशाचा व्हिसा लागतो का, हेही आधी बघावे. सामान काढून पुन्हा द्यावे लागणार असेल तर तो प्रश्न हमखास उभा राहतो.

दिल्लीमार्गे जाताना सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असणे. मग पुण्यात दिलेली बॅग थेट टोकियोपर्यंत जाते आणि पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. तिकिटे वेगवेगळी काढली तर दिल्लीत बॅग काढून घ्यायची, पुन्हा द्यायची, आणि चुकलेल्या विमानाचे पैसे स्वतः सोसायचे. दिल्लीची आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल ३ वरून सुटतात, पण देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरत असेल तर मधले काही किलोमीटर रस्त्याने जावे लागते. एक तिकीट असेल तर तीन तासांचे अंतर पुरते. वेगवेगळ्या तिकिटांना पाच तास ठेवावेत. डिसेंबरअखेर ते जानेवारीमध्यापर्यंत दिल्लीत दाट धुके पडते, तेव्हा पहाटेचे किंवा सकाळी लवकरचे जोडविमान टाळून दुपारी उतरणारे घ्यावे.

दारापासून दारापर्यंत

आता पुण्यातल्या एका कुटुंबाचा दिवस मांडून पाहू. दिल्लीचे विमान दुपारी १ ला, म्हणून घरातून साडेदहाला निघणे. सव्वातीनला दिल्ली. रात्री ८ ला टोकियोचे विमान. भारतीय वेळेने पहाटे चारला हानेदा. पासपोर्ट तपासणी, सामान आणि सीमाशुल्क यांत एक तास, पुढे गाडीने राहण्याच्या जागी पोचेपर्यंत आणखी तास-दीड तास. सगळे मिळून वीस तास होतात, त्यातले हवेतले दहा.

टोकियोत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि जपानमधल्या बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी ३ नंतर मिळते. सामान स्वागतकक्षात ठेवून घेतात, पण झोपायला जागा नसते. बरोबर वृद्ध किंवा लहान मुले असतील तर आदल्या रात्रीचे आरक्षण करणे महाग वाटले तरी शहाणपणाचे. ते जमणार नसेल तर पहिल्या दिवशी तिकीट काढलेले कोणतेही दर्शन ठेवू नये. बागेत किंवा नदीकाठी उन्हात फिरावे, कारण सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ लवकर सरकते. पासपोर्ट आणि सीमाशुल्काची माहिती निघण्यापूर्वी 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी सेवेवर भरून क्यूआर कोड जवळ ठेवला तर विमानतळावरचा वेळ वाचतो.

हानेदा की नारिता?

तिकिटावर नुसते टोकियो वाचून थांबू नये. १९३१ साली सुरू झालेले हानेदा शहराच्या मध्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर, तर १९७८ साली सुरू झालेले नारिता सुमारे ६० किलोमीटरवर आहे. हानेदाहून केइक्यू रेल्वेने शिनागावा स्थानक पाव तासात येते. मोनोरेलने हामामात्सुचोलाही तेवढाच वेळ. नारिताहून स्कायलायनर गाडी निप्पोरीला पाऊण तासाच्या आत पोचवते आणि नारिता एक्स्प्रेस टोकियो स्थानकाला तासाभरात. वेळेइतकाच भाड्यातही मोठा फरक पडतो. एअर इंडियाची विमाने २०२५ पर्यंत नारिताला उतरत, त्यानंतर ती हानेदाला जाऊ लागली. जुन्या अनुभवावर विसंबून रेल्वेचे आरक्षण करू नये.

नारिता मध्यरात्रीनंतर बंद असते, हानेदा चोवीस तास चालू. तरी रात्री उशिरा हानेदाला उतरणाऱ्याने शहरातल्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात हे ध्यानात ठेवावे. तिथून टॅक्सीचे भाडे खिशाला चांगलेच जाणवते. अकरानंतर उतरणारे विमान असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढावी.

पुढे ओकायामाला जायचे असेल, तर हानेदा अधिकच सोयीचे. पुण्याशी मैत्रीचे नाते असलेले हे शहर शिनागावाहून शिंकान्सेन गाडीने सव्वातीन तासांच्या आसपास गाठता येते. मात्र मुख्य काम ओसाका-ओकायामा भागातच असेल तर टोकियोचा फेरा न घेता ओसाकाच्या कान्साई विमानतळाचे जोडतिकीट आधी पाहावे.

परतीची आखणी

बहुतेक लोक जाण्याच्या दिवसाची बारकाईने तयारी करतात आणि परतीचा दिवस वाऱ्यावर सोडतात. खरी काळजी इथे हवी. सकाळी ११ च्या विमानासाठी टोकियोतले घर साडेसातला सोडावे लागते, म्हणजे भारतीय वेळेने पहाटे चारला. साडेनऊ तासांच्या उड्डाणानंतर संध्याकाळी ५ ला दिल्ली. पुण्याला पुढे जायचे असले तरी बहुतेक वेळा सामान दिल्लीतच काढून सीमाशुल्क ओलांडावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. त्याला दीड तास धरावा. साडेआठच्या विमानाने पावणेअकराला पुणे, घरी पोचेपर्यंत रात्रीचे पावणेबारा. मनगटावरच्या घड्याळाने दिवस सव्वासोळा तासांचा भासतो, शरीराने मात्र पावणेवीस तास काढलेले असतात.

म्हणून दिल्लीहून पुण्याला किंवा नागपूरला जाणारे दिवसातले शेवटचे विमान जोडू नये. ते चुकले तर रात्र विमानतळावर जाते. त्याच्या आधीचे घ्यावे, किंवा दिल्लीत मुक्काम करून सकाळी निघावे. औषधे चालू असलेल्यांनी परतीच्या दिवशी दोन गोळ्यांमधले अंतर साडेतीन तासांनी वाढते हे धरून डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. कार्यालयात हजर होण्याची तारीखही पोचण्याच्या दुसऱ्या दिवसाऐवजी तिसऱ्या दिवसाची ठेवावी.

विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. चार-पाच महिने आधी काढलेल्या तिकिटाच्या वेळा या दोन तारखांच्या आसपास बदलू शकतात. निघण्याआधी दोन आठवडे आणि पुन्हा दोन दिवस आधी सगळ्या वेळा तपासून मधल्या थांब्याचे तास नव्याने मोजावेत. थांबा अपुरा पडत असेल आणि सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर कंपनीला लगेच फोन करून जोडविमान बदलून मागावे.